पेमेंट पेंडिंग, पैसे गायब : निरोपांवर चालणाऱ्या कोडची टेस्ट नेमकी कुठे चुकते?

१२ एप्रिल २०२५, शनिवार. हनुमान जयंती. दुपारी मी देवळाबाहेर नारळ आणि रुईच्या पानांची माळ घेतली, क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला आणि स्क्रीनवर ते चक्र नुसतं फिरत राहिलं. काकांचा साउंडबॉक्स गप्प. मागे रांग वाढत होती. मी परत स्कॅन करायला फोन उचलला, तर काका म्हणाले, "थांबा, परत नका मारू. दोनदा गेले तर?"

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. जावात बॅकएंड लिहितो, तेही पैशांच्या व्यवहारांचं. काकांनी जो प्रश्न दोन सेकंदांत विचारला, तो स्वतःच्या कोडला विचारायला मला नोकरीतली पहिली दोन वर्षं लागली. तीही एक मोठी चूक करून झाल्यावर.

त्या दिवशी देशभर यूपीआय अडखळलं होतं. आज बघूया की अशा वेळी आत काय चालतं, आणि आम्ही इंजिनियर लोक ज्या टेस्टच्या भरवशावर कोड लाईव्ह करतो त्या कुठे कमी पडतात.

त्या दिवशी झालं काय होतं?

नंतर एनपीसीआयच्या तपासातून जे बाहेर आलं ते गमतीशीर आहे. मुख्य कारण होतं 'चेक ट्रान्झॅक्शन' नावाच्या विनंत्यांचा पूर. एखादं पेमेंट अडकलं की बँकेची सिस्टीम एनपीसीआयला विचारते, "अहो, त्या व्यवहाराचं काय झालं?" काही बँकांच्या सिस्टीम हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या, जुन्या व्यवहारांबद्दलसुद्धा. उत्तर यायला उशीर, म्हणून परत प्रश्न. परत प्रश्न आल्याने गर्दी, गर्दीमुळे उत्तराला आणखी उशीर.

म्हणजे पैसे पाठवण्यापेक्षा "पैसे गेले का?" या चौकशीनेच रस्ता तुंबला.

फोन आणि चिठ्ठी

आपल्याला वाटतं पेमेंट म्हणजे फोन कॉल. मी बोललो, समोरच्याने ऐकलं, उत्तर दिलं, विषय संपला. यूपीआय तसं चालत नाही. ते चिठ्ठ्यांवर चालतं.

तुम्ही पिन टाकला की तुमच्या ॲपच्या बँकेकडून एनपीसीआयला एक निरोप जातो. एनपीसीआय लगेच फक्त एवढंच म्हणतं, "चिठ्ठी मिळाली." पैसे गेले असं ते म्हणत नाही. मग तुमच्या बँकेला निरोप, पैसे कापा. तिचं उत्तर आलं की समोरच्या बँकेला निरोप, पैसे जमा करा. तिचंही उत्तर आलं की तुमच्या ॲपला हिरवी टिकली. प्रत्येक उत्तर स्वतंत्र चिठ्ठी म्हणून उलट्या दिशेने येतं.

यातली एखादी चिठ्ठी रस्त्यात अडकली की तुमच्या स्क्रीनवर 'पेंडिंग' दिसतं. पेंडिंगचा अर्थ 'फेल' असा होत नाही. ॲपला त्या क्षणी खरोखरच माहीत नसतं.

बँका, फिनटेक, ई-कॉमर्स यांच्या आतही असंच चिठ्ठ्यांचं काम चालतं. जावाच्या जगात यासाठी स्प्रिंग बूट, स्प्रिंग इंटिग्रेशन, अपाचे कॅमल असे फ्रेमवर्क वापरतात. चिठ्ठ्या ठेवायला मध्ये एक रांग असते, काफ्का किंवा रॅबिट-एमक्यूसारखी. एक पायरी रांगेतून निरोप उचलते, तिचं काम करते, पुढच्या रांगेत टाकते. कॅमलमध्ये या सगळ्या मार्गाला 'रूट' म्हणतात.

निरोप दोनदा का येतो?

रांगेसमोर साधा पेच असतो. तिने निरोप दिला, घेणाऱ्याने काम केलं आणि "झालं" म्हणायच्या आत त्याचा सर्व्हर बंद पडला. रांगेला काय कळणार? काम झालं की नाही? दोनच पर्याय उरतात. निरोप परत द्यायचा, मग काम दोनदा होण्याची शक्यता. किंवा सोडून द्यायचा, मग काम कधीच न होण्याची शक्यता.

पैशाच्या कामात सहसा पहिला पर्याय निवडतात. 'किमान एकदा पोचेल' ही हमी. तिच्यातच 'कदाचित दोनदा' लपलेलं असतं. म्हणून घेणाऱ्याचा कोड असा हवा की तोच निरोप दहा वेळा आला तरी परिणाम एकदाच व्हावा. याला आयडेम्पोटंट म्हणतात. नाव अवघड आहे, पण लिफ्टचं बटण आठवा. पाच वेळा दाबा, लिफ्ट एकदाच येते.

हे सगळं मला कॉलेजात असतानाच पाठ होतं. पेपरात लिहिलंही होतं.

माझी टेस्ट हिरवी होती

माझी पहिली नोकरी एका छोट्या कंपनीत होती. आम्ही हॉस्टेल आणि मेससाठी ॲप बनवायचो. मेसमध्ये जेवला नाहीत की खाडा लागतो आणि खाड्याचे पैसे परत मिळतात, हे मेसवर जेवलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तो रिफंड ॲपच्या वॉलेटमध्ये जमा करायचं काम माझ्याकडे होतं. मेसवाल्याने खाडा मंजूर केला की रांगेत निरोप, माझा कॅमल रूट तो उचलणार, वॉलेटमध्ये पैसे टाकणार आणि मग मुलाला एसएमएस पाठवणार.

मी युनिट टेस्ट लिहिली. युनिट टेस्ट म्हणजे कोडचा एक छोटा तुकडा वेगळा काढून तपासणं. एक खाडा पाठवला, वॉलेटमध्ये ३५० रुपये वाढले, एसएमएसचं मेथड कॉल झालं. टेस्ट हिरवी. कोड लाईव्ह.

दिवाळीच्या सुट्टीत हजारो खाडे एकदम मंजूर झाले. एसएमएस पाठवणारी बाहेरची सेवा हळू झाली. माझ्या रूटमध्ये वॉलेटची पायरी पूर्ण व्हायची, एसएमएसची पायरी टाइमआउट होऊन एरर यायची. एरर आली म्हणून निरोप परत रांगेत. रांग तो पुन्हा द्यायची. पुन्हा वॉलेटमध्ये पैसे, पुन्हा एसएमएसवर एरर. एसएमएस गेलेच नाहीत म्हणून कोणाला पत्ताही लागला नाही. काहींना दुप्पट रिफंड मिळाला, काहींना तिप्पट.

सुट्टी संपल्यावर हिशोब जुळेना. कंपनीने जास्तीचे पैसे वॉलेटमधून परत वजा केले. ज्यांनी खर्च केले होते त्यांचं वॉलेट मायनसमध्ये गेलं. मायनस वॉलेटला मेसचं कुपन मिळत नाही, हा नियमही कोडमध्ये होताच. तोही मीच लिहिला होता.

सपोर्ट टीमने एक कॉल मला ऐकायला दिला. एक मुलगी बोलत होती. "सर, मला वाटलं खाड्याचेच पैसे आहेत. मी गावाला जायच्या तिकिटाला वापरले. आज जेवायला गेले तर कुपन बंद. चूक तुमची ना? मग मायनस माझ्या नावावर का?"

मला उत्तर देता आलं नाही. तिचं कुपन आम्ही त्याच दिवशी सुरू केलं, पण त्याआधी ती उपाशी परत गेली होती.

टेस्टमध्ये काय नव्हतं?

त्या रात्री मी टेस्ट परत वाचली. तीन गोष्टी दिसल्या.

पहिली, मी रूट तपासलाच नव्हता. रूटच्या आतली जावा मेथड थेट कॉल केली होती. निरोप रांगेतून येणं, एरर आल्यावर परत जाणं, पायऱ्यांचा क्रम, हे सगळं टेस्टच्या बाहेर राहिलं. गडबड नेमकी तिथेच झाली.

दुसरी, माझ्या टेस्टमध्ये एसएमएस कधी फेल होतच नव्हता. मॉक, म्हणजे खऱ्या सेवेच्या जागी उभा केलेला नकली गडी, नेहमी "हो साहेब" म्हणायचा.

तिसरी, निरोप एकदाच पाठवला होता. काकांचा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

कॅमलमध्ये हे तपासायची सोय तयार आहे, हे मला नंतर कळलं. टेस्टपुरता रूट तसाच ठेवायचा आणि फक्त टोकं बदलायची. खऱ्या रांगेच्या जागी मेमरीतली रांग, खऱ्या एसएमएस सेवेच्या जागी मॉक एंडपॉइंट. मॉकला आधीच सांगून ठेवायचं की तुझ्याकडे किती निरोप यायला हवेत. मग निरोप सोडायचा आणि शेवटी विचारायचं, अपेक्षा पूर्ण झाली का? मॉक लगेच आला तर लगेच हो म्हणतो, नाहीतर ठराविक वेळेपर्यंत वाट बघतो. स्प्रिंग इंटिग्रेशनमध्येही अशीच मॉकची सोय आहे.

आता माझी टेस्ट अशी झाली : एसएमएसच्या मॉकला सांगितलं, पहिल्या वेळी एरर दे. तोच खाडा, त्याच रिफंड क्रमांकाने, दोनदा पाठवला. अपेक्षा लिहिली की वॉलेटच्या पायरीवर एकच निरोप पोचला पाहिजे, एसएमएसच्या पायरीवर दोन. जुन्या कोडवर टेस्ट चालवली. लाल. दिवाळीत आठ दिवस जे कोणाला दिसलं नव्हतं, ते सेकंदाच्या आत दिसलं.

'आलं नाही' हे तपासणं अवघड

इथे एक खाच आहे, आणि तुम्ही कॅमल शिकत असाल तर ही जरूर लक्षात ठेवा.

तुम्ही मॉकला म्हणालात, "एक निरोप अपेक्षित." पहिला आला, मॉक म्हणाला झालं, टेस्ट हिरवी होऊन संपली. दुसरा निरोप मेमरीतल्या रांगेत होता, तो अर्ध्या सेकंदाने आला. तोवर बघायला कोणी नव्हतं. म्हणजे डुप्लिकेट पकडायला लिहिलेली टेस्टच डुप्लिकेट यायच्या आधी घरी गेली.

एखादी गोष्ट घडली हे सिद्ध करणं सोपं असतं, घडेपर्यंत थांबायचं. घडली नाही हे सिद्ध करायला मात्र पुरेसा वेळ थांबून परत मोजावं लागतं. कॅमलच्या मॉकमध्ये यासाठी 'असर्ट पिरियड' नावाची सेटिंग आहे. आकडा जुळल्यावरही अमुक मिलिसेकंद थांब आणि पुन्हा मोज. एका ओळीची गोष्ट. पण ती नसेल तर हिरवा रंग फसवा आहे.

उलटी सवयही वाईट. निरोप यायची वाट बघायला अनेक जण टेस्टमध्ये 'थ्रेड स्लीप दोन सेकंद' लिहितात. आपल्या लॅपटॉपवर चालतं, ऑफिसच्या हळू सर्व्हरवर कधी चालतं कधी नाही. मग टीम म्हणते, "ती टेस्ट अशीच आहे, परत रन कर." ज्या टेस्टला कोणी मनावर घेत नाही ती नसलेलीच बरी.

दुरुस्तीतून आलेली नवी अडचण

डुप्लिकेट अडवायला कॅमलमध्ये 'आयडेम्पोटंट कन्झ्युमर' मिळतो. तो प्रत्येक निरोपाचा क्रमांक वहीत लिहितो, तोच परत आला तर गाळतो. मी तो लावला. वही मेमरीत ठेवली. टेस्ट हिरवी.

कोड रिव्ह्यूमध्ये आमच्या सिनियर मॅडमनी एकच ओळ लिहिली : "आपले सर्व्हर दोन आहेत ना?" दोन सर्व्हर म्हणजे दोन वह्या. पहिला निरोप एकाकडे गेला आणि दुसरा दुसऱ्याकडे, तर दोघांच्याही वहीत तो नवाच. शिवाय रीस्टार्ट केलं की वही कोरी.

मग वही डेटाबेसमध्ये नेली. तिथे पुढची अडचण. हा कन्झ्युमर क्रमांक आधी लिहितो आणि काम नंतर करतो. कामात एरर आली तर क्रमांक खोडतो, हे ठीक. पण लिहिल्यावर आणि काम व्हायच्या आत सर्व्हरच बंद पडला तर खोडणार कोण? निरोप परत आला की वही म्हणणार, "हा झालाय." रिफंड कधीच जाणार नाही. दोनदाचा रोग बरा करताना 'कधीच नाही'चा रोग लागला.

शेवटी उपाय साधा निघाला. वॉलेटच्या टेबलातच रिफंड क्रमांकावर 'एकदाच' अशी अट घातली. पैसे वाढणं आणि क्रमांक नोंदणं एकाच डेटाबेस व्यवहारात. दोन्ही होतील किंवा दोन्ही नाही. हे तपासायला मॉक पुरत नाही, खरा डेटाबेस लागतो. आम्ही टेस्टपुरता तो डॉकरमध्ये चालू करायचो. ती काही युनिट टेस्ट उरत नाही, थोडी हळूही चालते, पण अशा दोन-तीन टेस्ट असायलाच हव्यात.

किती वेळा विचारायचं?

आता परत १२ एप्रिलकडे येऊ. 'दोनदा आलं तर?' हा घेणाऱ्याचा प्रश्न. पाठवणाऱ्याचा प्रश्न वेगळा : 'उत्तर आलंच नाही तर मी किती वेळा विचारणार?'

कॅमलमध्ये ठरवता येतं की किती वेळा परत प्रयत्न करायचा, दोन प्रयत्नांत किती थांबायचं, दर वेळी अंतर कसं वाढवायचं, आणि शेवटी जमलंच नाही तर निरोप 'डेड लेटर' रांगेत बाजूला ठेवायचा, म्हणजे माणूस बघेल. याची टेस्टही सोपी. मॉकला सांगायचं, कायम एरर दे. अपेक्षा लिहायची की त्याच्याकडे बरोबर चार वेळा विचारणा झाली, पहिली आणि नंतरचे तीन प्रयत्न, आणि मग निरोप बाजूच्या रांगेत पडला. माझ्या अनुभवात ही टेस्ट फार कमी टीम लिहितात. कारण डेमोमध्ये उत्तर नेहमी येतं.

एकट्या कोडकडे बघितलं तर सारखं विचारत राहणं चूकही वाटत नाही, उलट काळजीच वाटते. हजारो सर्व्हर एकाच वेळी तशी काळजी करायला लागले की पूर येतो.

एप्रिलनंतर एनपीसीआयने हे बाहेरून आवळलं. १६ जून २०२५ पासून उत्तराच्या वेळा कमी केल्या, स्टेटस तपासणीचं उत्तर ३० ऐवजी १० सेकंदांत. १ ऑगस्टपासून स्टेटस किती वेळा विचारायचं यावर बंधन आलं, आणि एका ॲपमधून दिवसाला ५० वेळाच बॅलन्स बघता येईल अशी मर्यादाही. त्यावर मीम खूप फिरले, "दिवसाला पन्नास वेळा बॅलन्स बघायला बॅलन्स तर हवा." पण कारण हेच होतं. जी मर्यादा प्रत्येकाच्या कोडमध्ये आधीपासून असायला हवी होती, ती नियम करून घालावी लागली.

त्याच ऑगस्टमध्ये यूपीआयचे व्यवहार एका महिन्यात २००० कोटींच्या वर गेले. एवढ्या व्यवहारांत कोटीत एक जरी चुकला तरी महिन्याला दोन हजार माणसं होतात. प्रत्येकाचं काहीतरी अडतं. कोणाचं तिकीट, कोणाचं जेवण.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

पेमेंट पेंडिंग दिसलं तर लगेच दुसरं मारू नका. तुम्ही दुसऱ्यांदा स्कॅन करता तेव्हा सिस्टीमसाठी तो नवा व्यवहार असतो, नवा क्रमांक. कुठलाही आयडेम्पोटंट कोड तो डुप्लिकेट म्हणून ओळखू शकत नाही. घाई असेल तर रोख द्या.

पैसे कापले गेले आणि समोर पोचले नाहीत, तर आरबीआयचा २०१९ चा नियम आहे. एखाद्या व्यक्तीला पाठवले असतील तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आले पाहिजेत, दुकानदाराला दिले असतील तर पाच दिवसांत. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती मागावी लागू नये असं नियमच सांगतो. यूटीआर नंबरचा स्क्रीनशॉट ठेवा, आधी ॲपमध्ये तक्रार करा, मग बँकेत. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा तक्रार फेटाळली तर आरबीआयच्या लोकपालाकडे जाता येतं.

आणि तुम्ही इंजिनियरिंगला असाल, फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये काफ्का किंवा कॅमल लावून बसला असाल, तर सगळं चालतंय हे दाखवणारी टेस्ट लिहून झाल्यावर अजून तीन लिहा. तोच निरोप दोनदा आला तर? कामाच्या मध्येच एरर आली तर? उत्तर कधीच आलं नाही तर?

त्या दिवशी मी काकांना रोख दिले. बाकीच्या गिऱ्हाइकांनाही ते हेच सांगत होते, "थांबा, परत नका मारू." कॅमल, काफ्का यातलं काही त्यांना माहीत नव्हतं. पण महिन्याचा हिशोब त्यांना स्वतःला जुळवायचा होता, म्हणून प्रश्न बरोबर सुचला. आता नवी टेस्ट लिहायला बसलो की मी पहिली ओळ त्यांचीच लिहितो : दोनदा गेले तर?